निळ्या रक्ताची सवत

माझी सवत दहा डोळ्यांची होती, तिचं रक्त निळं होतं आणि ती समुद्रात राहायची. नांदेडहून कुठलाही समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास. तरी तिनं एवढ्या लांबून येऊन माझं घर मोडलं. घर म्हणजे कंपनीतलं ससेघर. नवऱ्याच्या बाबतीत मला कधी कुणाचा हेवा करायची वेळ आली नाही, तो माणूस जेवल्याबरोबर झोपतो. माझा सगळा जळफळाट नोकरीतच खर्च झाला, आणि तोही एका खेकडीवर.

आमची कंपनी सलाईनच्या बाटल्या करायची. सलाईन म्हणजे मीठपाणीच की, त्यात तपासायचं काय, असं मला माझ्या सासूबाईंपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलं आहे. सांगते. पाणी उकळलं की त्यातले जंतू मरतात, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण जंतू मेला तरी त्याच्या सालीत एक विष राहतं, आणि ते उकळूनही जात नाही. तोंडावाटे पोटात गेलं तर काही बिघडत नाही. पण तेच थेट शिरेत गेलं की माणसाला हुडहुडी भरते, ताप चढतो, आणि आधीच खंगलेला पेशंट असेल तर तो हातचा जाऊ शकतो. ते विष डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. मग ते आहे की नाही हे कळायचं कसं? माझ्या उमेदीच्या काळात ते ससे सांगायचे.

तपासणी साधी होती, पण हात लागायचा. तीन ससे लाकडी खोक्यात मान अडकवून बसवायचे. मागच्या बाजूनं तापमापी. कोमट केलेलं सलाईन कानाच्या शिरेतून हळूहळू द्यायचं आणि दर अर्ध्या तासानं ताप बघायचा. ताप चढला नाही तर घाण पास, चढला तर नापास. घाण म्हणजे एका वेळी तयार केलेला सगळा माल. उसाच्या चरकावरून आलेला हा शब्द आमच्याकडे कुणी कामगारानं रुजवला होता आणि साहेबांच्या तोंडीही तोच बसला होता. सशाच्या कानाची शीर दोऱ्याएवढी असते. ससा घाबरला की ती दिसेनाशी होते. म्हणून ससा घाबरू द्यायचा नाही, हीच सगळी विद्या. मी सुई घेऊन जवळ गेले तरी माझे ससे तोंडातला लसूणघास चावायचे थांबत नसत. हे मी बढाई म्हणून सांगते आहे, तसंच समजावं.

ससेघर झाडायला, वैरण घालायला गफारमामू होते. त्यांनी सगळ्या सशांना नावं ठेवली होती. बेगम नावाची एक करड्या कानांची मादी होती. एकदा तिचा ताप चढला. प्रॉडक्शनवाले धावत आले, म्हणाले, ससाच आजारी असणार, दुसरा घ्या. मामू पिंजऱ्यापुढे आडवे उभे राहिले.

“बेगम बिमार न्हाई, साब. सकाळीच मूठभर घास खाल्ला तिनं. बिमार तुमचं पानी हाय.”

नियमाप्रमाणे आणखी ससे घेतले, त्यांचाही ताप चढला. शोध घेतला तर सुट्टीच्या दिवशी टाकीत राहिलेलं शिळं पाणी तसंच पुढे सोडलेलं निघालं. ती सगळी घाण ओतून द्यावी लागली. त्या बाटल्या अर्धापूर, उमरी, जळकोट, कुठे कुठे गेल्या असत्या, आणि कुणाच्या हाताला लागल्या असत्या. त्या दिवशी मी बेगमला घरून गाजर आणून घातलं. अशी माझी सत्ता होती. माझ्या सशानं मान डोलावली तरच गाडी गेटबाहेर जायची.

मग मंगल आली.

मंगल बिराजदार. निलंग्याची, लातूरला शिकलेली. लातूरला शिकलेल्या पोरांचा आमच्याकडे एक दरारा असतो, त्यांना मार्क पडतातच असं सगळे धरून चालतात. ही तर एमएस्सी करून आलेली. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आवाज गोड, आणि मला पहिल्या दिवसापासून ताई म्हणायची. तिचा राग करायला मला रोज सकाळी नव्यानं कंबर कसावी लागायची.

आमचे क्वालिटीचे देशपांडे साहेब तिला घेऊन ससेघरात आले आणि म्हणाले, “बाई, आता खेकड्याच्या रक्तावर टेस्ट करायची. काही महिने दोन्ही टेस्ट बरोबर चालवू. रिझल्ट जुळले, की ससेघर बंद.”

त्यांनी ते असं सांगितलं, की जणू पंखा बदलायचा होता. माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते पुढे कित्येक वर्षं थांबलं नाही.

मंगलनं मला समजावून सांगितलं. मी न विचारताच. इंग्रजीत त्या प्राण्याचं नाव घोड्याच्या नालेवरून आहे, म्हणून आम्ही त्याला नालखेकडा म्हणायला लागलो. खरं म्हणजे तो खेकडाच नाही, कोळी आणि विंचू ह्यांचा भाऊबंद आहे. पाठीवर उलट्या कढईसारखं कवच, मागे भाल्यासारखी शेपटी, आणि अंगावर ठिकठिकाणी डोळे. डायनासोर यायच्या आधीपासून हा आहे आणि ते गेल्यावरही आहे. त्याच्या रक्तात पांढऱ्या पेशी नाहीत, एकाच जातीच्या पेशी आहेत. जंतूचं विष शिवलं की त्या फुटतात आणि विषाभोवती रक्त गोठवून त्याला जागच्या जागी कोंडून टाकतात. कोट्यवधी वर्षं चिखलात राहून एवढंच शिकला, पण ते पक्कं शिकला. माणसांनी ते हेरलं. अमेरिकेत किनाऱ्यावरून हे खेकडे धरून आणतात, हृदयाजवळ सुई खुपसून थोडं रक्त काढतात आणि त्यांना पुन्हा समुद्रात सोडतात. त्या पेशींची पावडर चिमुकल्या बाटलीतून थंड पेटीत बसून नांदेडला येते.

“मादी मोठी आसती ताई,” मंगल म्हणाली. “नर बारका. आंडी घालायला ती भरतीला वाळूत येती तवा तो तिच्या पाठीला धरून आसतो.”

म्हणजे नवरासुद्धा पाठीवर बसवून फिरवते ही बया. त्या दिवसापासून माझ्या लेखी ती खेकडी झाली, आणि माझी सवत.

सवतीचा थाट काय वर्णावा! तिला वातानुकूलित खोली, माझ्या सशांना पत्र्याचं छप्पर. तिच्या काचेच्या नळ्या भट्टीत भाजून घ्यायच्या, कारण नुसत्या धुतलेल्या तिला चालायच्या नाहीत. नळीत थोडं सलाईन, थोडी ती पावडर विरघळवून घालायची आणि कोमट पाण्यात तासभर ठेवायची. त्या तासात कुणी टेबलाला धक्का लावायचा नाही, दार आपटायचं नाही. तास झाला की मंगल श्वास रोखून एकेक नळी उचलायची आणि एकाच संथ हालचालीत उलटी करायची. आतलं गोठून तळाला चिकटून राहिलं तर घाण नापास, खाली वाहिलं तर पास. झालं. ना कान, ना शीर, ना लसूणघास. मी काचेबाहेरून बघायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, कारण तिचा हात खरोखर छान होता.

मामू विचारायचे, “बाई, उसका रिझल्ट काय आला?”

“आपल्यासारखाच.”

“हर बार?”

“हाव मामू. हर बार.”

मामू पिंजऱ्यांत आणखी मूठभर घास टाकायचे. रिझल्ट एकदा तरी चुकावा म्हणून मी काय काय इच्छा केल्या असतील ते सांगण्यात अर्थ नाही. त्या सगळ्या दसऱ्याला एकदम फळाला आल्या.

खंडेनवमीला आमच्या कंपनीत शस्त्रांची पूजा असायची. ज्याचं त्याचं शस्त्र वेगळं. बॉयलरवाल्याचा बॉयलर, ड्रायव्हरची गाडी, आमच्याकडे भट्टी, पाण्याची कोमट टाकी, नळ्यांचं स्टँड. साहेब स्वतः नारळ फोडायचे. आम्ही उमरीकडचे बौद्ध, आमच्या घरी पूजाअर्चा नाही. दसऱ्याला पांढरी साडी नेसून आम्ही विहारात जातो. म्हणून मी खंडेनवमीला ससेघरात बसून राहायची, फक्त पेढा मात्र सोडायची नाही. त्या वर्षी मंगलची पहिलीच खंडेनवमी. तिच्या आईनं निलंग्याहून घरच्या कापसाची वस्त्रं वळून पाठवली होती, मधे मधे कुंकवाची बोटं लावलेली. आईला ती अव्वा म्हणायची, आणि अव्वाचा शब्द म्हणजे तिच्यासाठी संपलं.

दसऱ्यानंतर कामं सुरू झाली. त्या दिवसांत गावोगाव तापाची साथ होती, दवाखान्यांतून पेशंट दोन दोन करून एका खाटेवर झोपत होते आणि सलाईनसाठी फोनवर फोन येत होते. माझ्या सशांनी घाण पास केली. मंगलनं नळी उलटी केली, गोठलेली. दुसरी, गोठलेली. आणि शेवटी जी नुसत्या शुद्ध पाण्याची नळी असते, जिच्यात काहीच घातलेलं नसतं, तीसुद्धा गोठलेली. म्हणजे टेस्टच बाद.

तिनं नवी पावडर घेतली, नळ्या पुन्हा भाजल्या, हात कोपरापर्यंत धुतले. पुन्हा तेच. साहेबांनी भट्टी उघडून बघितली. पावडर प्रवासात तापली असेल असं ठरलं, दुसरी पेटी उघडली. तेच. पावडर संपत आली. मंगल अजून प्रोबेशनवर होती, आणि तिला ठेवायचं की नाही ह्याची चर्चा साहेब केबिनचं दार लोटूनही न घेता फोनवर करत होते.

मग साहेब ससेघरात आले. पत्र्याखाली उभे राहिले, घाम पुसला आणि म्हणाले, “बाई, काही म्हणा, आपले ससेच बरे. खेकड्याचं आपल्या हवेत काही खरं नाही. कळवून टाकतो वर.”

माझ्या मनात लाडू फुटले. मामूंनी साहेबांची पाठ वळताच दोन्ही हात वर केले. मी बेगमच्या कानामागे खाजवलं आणि तिला म्हटलं, राहिलीस गं बाई.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. ससे जिंकले होते, सवत हरली होती, मला फक्त घरी जाऊन भाकरी टाकायची होती. पण जिंकलेल्या बाईला हरलेलीचं तोंड बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी मुद्दाम तिच्या खोलीत गेले. मंगल स्टुलावर बसून डोळे पुसत होती. टेबलावर पाण्याची ती बाटली होती, ज्या पाण्यात ती सगळं विरघळवायची. बाटलीच्या गळ्यात, अगदी झाकणाला लागून, अव्वाचं कापसाचं वस्त्र अजून तसंच होतं. मंगल बाटली दर वेळी उघडताना ते जरा खाली सरकवायची, पुन्हा वर करायची. त्याचे तंतू पिंजारून आले होते. तिच्या घरातली, साहेबांच्या घरातली रीत अशी, की वाहिलेलं वस्त्र ओरबाडून काढायचं नाही. म्हणून इतक्या जणांनी ती खोली उलटीपालटी केली, पण त्या माळेकडे कुणी बघितलंच नाही. मला ते दिसलं, कारण माझ्या घरात तसलं काही नसतं. आणि दिसलं तेही मदत म्हणून नव्हे, टोमणा मारायला सापडलं म्हणून.

मी म्हटलं, “काय गं मंगल, महाराणीला नवं वस्त्र नेसवलंय, म्हणून रुसून गोठून बसली का?”

मंगलनं आधी माझ्याकडे बघितलं, मग बाटलीकडे. तिच्या तोंडाचा रंगच गेला.

“अव्वा गं,” ती म्हणाली. “कापूस!”

कापसाच्या तंतूत एक पदार्थ असतो. तो विष नव्हे, त्यानं सशाला ताप येत नाही. पण खेकडीच्या रक्ताला तो शत्रूसारखाच वाटतो आणि ते गोठतं. हे मंगलनं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण पुस्तकातला कापूस आणि अव्वानं मांडीवर वळलेलं वस्त्र एकच, हे तिला सुचलं नव्हतं. सुचायचं तरी कसं.

तिनं पाण्याची नवी बाटली फोडली, शेवटची पावडर घातली. त्या तासाला मी तिथून हलले नाही. तास झाला, तिनं नळी उलटी केली आणि सगळं पाण्यासारखं खाली वाहिलं. ती माझ्या गळ्यात पडली.

“ताई, तुमीच वाचिवलं मला. तुमच्यामुळं नोकरी राह्यली माझी.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि स्वतःच्या जिभेला शिव्या देत होते. स्वतःच्या पायावर धोंडा लोकं पाडून घेतात, मी तर नेम धरून घातला होता. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि पंधरवड्यात ससेघर बंद करायचा कागद काढला. ससे एका कॉलेजच्या प्राणीघरात गेले. मामूंनी बेगमला टोपलीत बसवताना खाली सगळा ओला लसूणघास अंथरला. त्यानंतर त्यांना गेटवर बसवलं आणि मला मंगलच्या खोलीत, मंगलच्या हाताखाली. माझी ससे धरायची बोटं, ती आता काचेच्या नळ्या उलट्या करायला शिकली. शिकलीही चांगली, पण मंगलसारखी नाही. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

पुढची सगळी वर्षं आम्ही दोघी त्या थंड खोलीत शेजारी बसलो. तिचं लग्न झालं, पोरं झाली, ती हेड झाली. डबा आम्ही एकत्र खायचो. आणि हळूहळू तिला त्या खेकडीचा लळा लागला. ती वाचत राहायची आणि मला ऐकवायची. रक्त काढून समुद्रात सोडलेल्यांपैकी सगळ्या जगत नाहीत. जगतात त्या काही दिवस मलूल होतात, अंडी घालायला किनाऱ्यावर यायचं टाळतात. त्यांच्या अंड्यांवर लांबच्या प्रवासाला निघालेले पक्षी जगतात, त्यांचेही हाल होतात. आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर तिच्या दोन बहिणी, म्हणजे तिच्याच कुळातल्या दोन जाती आहेत. कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, पण कायदा मासेमारीच्या जाळ्याला दिसत नाही. जाळ्यात अडकल्या की कोळी वैतागून उपटून फेकतात. वाळूचे किनारे खचत चालले आहेत. आणि ही अशी हट्टी, की अंडी घालायची तर ठरावीक भरतीला, ठरावीक वाळूतच.

“वयात यायला तिला धा-धा वर्सं लागत्यात ताई,” मंगल म्हणायची. “एक मेली की तिची जागा भरायला किती काळ जातो बघा.”

मी म्हणायची, “माझ्या सशांसाठी कुणी एवढं रडलं नाही.” ती मान खाली घालून भाकरी मोडायची. मला तेवढंच समाधान.

मी रिटायर व्हायच्या सुमारास नवीन प्रकार आला. खेकडीच्या रक्तात जो एक घटक विष ओळखतो, तोच आता प्रयोगशाळेत पेशींकडून तयार करून घेतात. खेकडी नको, सुई नको. शिवाय त्याला कापूस चालतो, म्हणजे कापसानं तो फसत नाही. नळी उलटी करायची गरज नाही, यंत्र प्रकाश मोजतं आणि आकडा सांगतं. साहेब आता दुसरे होते. ते मंगलला म्हणाले, काही महिने दोन्ही टेस्ट बरोबर चालवू.

मंगल डबा न उघडता बसून राहिली.

“खेकड्या वाचतील, म्हणून आनंद व्हाया पायजे,” ती म्हणाली. “होऊनबी राहिलाय. पण ताई, माझा हात? एवढी वर्सं नळी उलटी करून राहिले मी. आता त्या यंत्राकडं बघितलं की आग होती अंगाची.”

खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं! मी तिला माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली आणि म्हटलं, “ये बाई. बस पंगतीला.”

मागच्या हिवाळ्यात तिच्या घरचे जगन्नाथपुरीला निघाले. ती मला म्हणाली, ताई, तुमीबी चला, देवाला नका येऊ, पण सवतीला भेटून या. पुरी झाल्यावर तिच्या घरच्यांना तिथे ठेवून आम्ही दोघी वर उत्तरेकडच्या किनाऱ्याला गेलो. पौर्णिमेची भरती होऊन गेली होती. सकाळचं ऊन पडलं होतं आणि पाणी इतकं लांब गेलेलं की समुद्र रुसून गेल्यासारखा दिसत होता. ओल्या वाळूत जरा चाललो आणि ती दिसली. उलटी पडलेली. कढई पालथी नव्हे, उताणी. आतले पाय हवेत चालत होते आणि शेपटी वाळूत रोवून ती स्वतःला पालथं करायची धडपड करत होती. शेपटी निसटायची, ती पुन्हा रोवायची. ऊन वाढत होतं. शेजारून एक कोळी जाळं खांद्यावर टाकून गेला, त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

मंगल वाकली. मी तिचा हात धरला.

“थांब. हात लावायचा नाही.”

“आवो ताई, मरंल ती. आन् ही काय तुमची ती न्हाई, ती अमेरिकेची. ही तिची बहीण हाय.”

“सवतीची बहीण म्हणजे सवतच. मीच उचलणार.”

“बरं, उचला. पण शेपटीला धरू नका, निखळती. दोन्ही कडांना धरा.”

मी गुडघ्यांवर बसले. कडा थंड होत्या. तिच्या पायांनी माझी बोटं चाचपली, सशाच्या नाकासारखी. मग तासभर तापलेली नळी उलटावी तशी मी तिला एकाच संथ हालचालीत पालथी केली. मंगल हळूच म्हणाली, “हात बसलाय ताई तुमचा.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

खेकडी क्षणभर तशीच राहिली. मग वाळूत रेघ ओढत पाण्याकडे निघाली. मागे वळून बघणं तिला माहीत नसावं. माझं एवढं सगळं घेऊन ती चालली होती, आणि आता तिला कुणी सुई टोचणार नाही, कुणी पेटीत भरणार नाही, अशी चिन्हं होती. तिचं काम सुटलं तर समोर एवढा समुद्र होता. बेगमचं काम सुटलं तेव्हा तिला टोपलीत घालून दुसऱ्या पिंजऱ्यात पाठवलं होतं. पोटात पुन्हा तेच जुनं दुखायला लागलं.

“बघा ताई,” मंगल म्हणाली, “कशी गेली.”

“जाईल नाही तर काय,” मी म्हटलं. “तिला जायला जागा आहे.”